पानं नशिबाची, चाल कुणाची?

गणपतीच्या जागरणात पत्ते पिसले जात असताना कुणीतरी हमखास म्हणतं, "पोकर म्हणजे काय, आपली तीन पत्तीच, फक्त साहेबाची." घोळ इथूनच सुरू होतो. तीन पत्तीत तीन पानं हातात येतात आणि तीच शेवटपर्यंत राहतात. समोरच्याचं एकही पान दिसत नाही. टेक्सास होल्डेम या पोकरच्या सर्वांत चालणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात आणि सगळ्यांच्या सामाईक पाच पानांपैकी आधी तीन, मग एक, मग एक अशी टेबलावर उघडली जातात. पैसे लावायची वेळ चारदा येते आणि दर वेळी हातात आधीपेक्षा जास्त माहिती असते.

"पण पानं तर नशिबानेच येतात ना?" येतात. दोन एक्के हातात पडण्याची शक्यता 221 डावांत एकदा, आणि त्यात कुणाचंही कौशल्य नाही. प्रश्न पुढचा आहे. समजा, तुमच्या हातात दोन बदाम आहेत आणि टेबलावरच्या चार पानांतही दोन बदाम आहेत. शेवटचं पान बदामाचं आलं तर तुमचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांचा हात होतो आणि डाव तुमचा. न दिसलेली पानं 46, त्यांत बदाम नऊ, म्हणजे साधारण पाचात एक संधी. मधोमध 800 रुपये जमलेत आणि समोरच्याने 200 लावले. तुम्ही 200 टाकून 1000 जिंकू पाहताय. सहात एकदा जिंकलात तरी बरोबरी होते. तेव्हा पैसे टाकणं योग्य. आता त्याच जागी त्याने 800 लावले, तर बरोबरीसाठीच तिनात एकदा जिंकायला हवं. पानं सोडून द्यायला हवीत. बदाम तेवढेच, नशीबही तेवढंच; चूक आणि बरोबर मात्र उलटंपालटं झालं. आणि ते केलं कुणी? 800 लावणाऱ्याने. मला विचाराल तर पोकरमधलं कौशल्य हे इतकं कोरडं आहे.

म्हणून चेहरा वाचण्याच्या गोष्टी सिनेमापुरत्या ठीक. 2017 साली पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत लिब्रॅटस नावाच्या संगणकप्रणालीने चार मुरलेल्या व्यावसायिकांशी 1,20,000 डाव खेळून सगळ्यांना हरवलं. तिला चेहराही नव्हता आणि दुसऱ्याचा दिसतही नव्हता. थाप मात्र ती व्यवस्थित मारत होती, कारण थाप किती वेळा मारावी हेही गणितच आहे.

तिथले डाव 1,20,000 होते, हेही लक्षात घ्यावं. हातात दोन एक्के आणि समोर सत्ती-दुर्री असा पोकरमधला सर्वांत भिकार हात असला, तरी साधारण आठात एकदा सत्ती-दुर्री जिंकते. एका रात्रीच्या खेळावरून कोण हुशार हे ठरवणं म्हणजे एका षटकावरून फलंदाज ठरवणं.

आता जाहिरातवाल्यांचा आवडता गैरसमज: "कौशल्याचा खेळ आहे, म्हणजे तुम्ही जिंकू शकता." कौशल्य असतं, पण बहुधा समोरच्याचं. स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या संशोधकांनी 2010च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेचे निकाल तपासले. आधीच निष्णात म्हणून गणल्या गेलेल्या खेळाडूंना गुंतवणुकीवर सरासरी 30 टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला होता. बाकीच्यांनी सरासरी 15 टक्क्यांच्या वर गमावलं होतं. खेळ कौशल्याचा असल्याचा हा पुरावा आहे आणि नवख्याने बसू नये याचाही तोच. त्यात टेबल चालवणारा डावागणिक आपला हिस्सा, म्हणजे रेक, कापतो. त्यामुळे सगळे तुल्यबळ असले तरी सगळे मिळून हरतातच.

राहिलं न्यायालय. "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, पोकर कौशल्याचा" असं ठासून सांगणारे भेटतात. 1967 साली आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालय बोललं ते रमीबद्दल: पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. तीन पानांच्या खेळांना त्याच निकालात निव्वळ नशिबाचे म्हटलं आहे. पोकरवर मतं फुटलेली आहेत. पश्चिम बंगालच्या 1957च्या कायद्यात ब्रिज आणि रमीबरोबर पोकरही जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवलाय. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो नशिबाचाच ठरवला. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये रमी आणि पोकरला नशिबाचे खेळ ठरवणारी तमिळनाडूच्या कायद्यातली यादी रद्द केली. महाराष्ट्रात 1887चा जुगारबंदी कायदा आहे. 'केवळ कौशल्याच्या' खेळांना त्यात सूट आहे आणि 'केवळ'चा अर्थ न्यायालयं 'मुख्यतः' असा लावत आली आहेत.

मोबाइलवर पैसे लावून खेळणाऱ्यांसाठी हा सगळा काथ्याकूट मागे पडला. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केलेल्या कायद्यात पैशांचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा, नशिबाचा की दोन्हींचा, याने काहीच फरक पडत नाही. तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि पणजीला मांडवीतल्या कॅसिनो-जहाजांवर खेळ चालतो तो कौशल्य म्हणून नव्हे. गोव्याच्या 1976च्या जुगार कायद्यात नंतर घातलेल्या सवलतीने, परवाना काढून, जुगार म्हणूनच.