कृपादान, पारख आणि रहस्य : मुक्तिसदनातील १९०५ च्या आत्मिक संजीवनाचा कथात्म विचार

ऐतिहासिक कादंबरी, रहस्यकथा आणि धर्मकथा हे तीन वाङ्मयप्रकार मराठी समीक्षेत सामान्यतः वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले जातात. पहिल्याचा संबंध राष्ट्रीय अस्मितेशी, दुसऱ्याचा रंजनाशी आणि तिसऱ्याचा श्रद्धेशी जोडला जातो. पाश्चात्त्य ख्रिस्ती वाङ्मयात मात्र या तिहींचा संयोग बराच जुना आहे. ल्यू वॉलेस यांची 'बेन-हर' (१८८०) आणि हेन्रिक सिएन्कीविच यांची पोलिश कादंबरी 'को व्हादिस' (१८९६) या कृतींनी आद्य ख्रिस्ती समाजाचा काळ थरारक कथानकाच्या चौकटीत बसविला. पुढे फ्रँक पेरेटी यांच्या 'धिस प्रेझेंट डार्कनेस' (१९८६) या कादंबरीत प्रार्थना करणारे सामान्य लोक आणि अदृश्य शक्ती यांचा संघर्ष रहस्यकथेच्या पद्धतीने रंगविला गेला; तर टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची 'लेफ्ट बिहाइंड' ही मालिका १९९५ ते २००७ या काळात सोळा भागांपर्यंत वाढली. या परंपरेतूनच विशिष्ट ऐतिहासिक काळात वावरणाऱ्या आणि भविष्यकथन, रोगनिवारण किंवा परभाषाभाषण यांसारखी आध्यात्मिक कृपादाने लाभलेल्या श्रद्धावंतांची थरारमालिका हा उपप्रकार आकाराला आला. हा उपप्रकार मराठीच्या भूमीत रुजावयाचा झाल्यास त्याला कोणती सामग्री उपलब्ध आहे आणि त्याच्यापुढे कोणत्या रूपबंधात्मक अडचणी उभ्या राहतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. कृपादानाची संकल्पना

'कृपादान' हा शब्द मराठी ख्रिस्ती परिभाषेत रुळलेला आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात अशा नऊ कृपादानांची यादी येते. ज्ञान, विश्वास, रोगनिवारण, अद्भुत कृत्ये, संदेशकथन, आत्म्यांची पारख, निरनिराळ्या भाषा बोलणे आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे अशांचा तीत समावेश आहे. या विवेचनातील तीन गोष्टी कथात्म दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात. पहिली अशी की, कृपादान हे व्यक्तीला मिळत असले तरी ते तिच्यासाठी नसते. समुदायाच्या हितासाठी असते. दुसरी अशी की, ते कमावलेले नसते. योगमार्गातील सिद्धी साधनेने प्राप्त होते. कृपादान नावाप्रमाणेच दिले जाते. तिसरी गोष्ट म्हणजे या यादीतच पारख करण्याच्या कृपादानाचा अंतर्भाव आहे. म्हणजे अद्भुताबरोबर अद्भुताची तपासणीही त्याच श्रद्धेच्या अंतर्गत येते. श्रद्धा आणि संशय यांना सर्वस्वी विरोधी मानणाऱ्या वाचकाने हा तिसरा मुद्दा विशेषत्वाने लक्षात घेतला पाहिजे.

२. केडगावची घटना

या विषयाला अनुरूप अशी ऐतिहासिक सामग्री मराठी प्रदेशात पुणे जिल्ह्यातच, दौंड तालुक्यातील केडगाव येथे सापडते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील अनेक निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आपल्या आश्रयाला आणल्या आणि त्यातून केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. मूळच्या मेथडिस्ट मिशनरी असलेल्या अमेरिकन मिनी एब्रम्स १८९८ मध्ये त्यांच्या कार्यात सामील झाल्या.

१९०४–०५ मध्ये वेल्समध्ये झालेल्या आत्मिक संजीवनाच्या वार्ता भारतात पोहोचल्या होत्या. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्त्रियांना आवाहन केले आणि लवकरच शेकडो जणी नित्य एकत्र जमू लागल्या. एब्रम्स यांनी नोंदविलेल्या वृत्तान्ताप्रमाणे, २९ जून १९०५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास एका मोठ्या मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. शेजारच्या बिछान्यावरील मुलीला तो अग्नी दिसला. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. पाणी ओतणार तोच तिच्या लक्षात आले की, मैत्रीण जळत नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायाचे विवरण करीत असता उपस्थित मुली रडू लागल्या आणि मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पुढील दीड-दोन वर्षांत परभाषाभाषणाचेही वृत्तान्त येऊ लागले. दौंड येथे मुलांचे अनाथाश्रम चालविणाऱ्या अल्बर्ट नॉर्टन यांनी, इंग्रजी न येणाऱ्या एका स्त्रीला मुक्तिसदनात इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहून ठेवले आहे.

आधुनिक पेंटेकोस्टल चळवळीचा उगम लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटच्या सभांपासून सांगण्याची प्रथा आहे. त्या सभा एप्रिल १९०६ मध्ये सुरू झाल्या. केडगावची घटना त्यांच्या आधीची आहे. एवढेच नव्हे, तर एब्रम्स यांचे १९०६ चे पुस्तक चिलीतील व्हॅल्पराइसो येथे हूव्हर दांपत्याच्या हाती पडले आणि १९०९ मध्ये तेथे सुरू झालेल्या चळवळीस त्यातून प्रेरणा मिळाली. जागतिक धर्मेतिहासाच्या दृष्टीने एवढे महत्त्व असलेली ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात मात्र जवळजवळ अनुल्लेखित राहते.

३. साक्ष आणि रहस्य

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास समृद्ध आहे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'ने ओवीचे रूप स्वीकारले. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटना'ने (१८५७) मराठी कादंबरीचा पाया घातला. नारायण वामन टिळकांचे 'ख्रिस्तायन' आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' यांनी काव्य व आत्मचरित्र या प्रकारांत मोलाची भर घातली. या परंपरेत आत्मिक अनुभवाचे निवेदन मुख्यतः 'साक्ष' या रूपात होते. रमाबाईंनीही आपला आत्मिक प्रवास साक्षीच्या स्वरूपातच मांडला आहे.

साक्ष आणि रहस्यकथा यांची कथनव्यवस्था परस्परविरोधी आहे. साक्ष देणारा निवेदक शेवट जाणूनच बोलतो. त्याचे सारे निवेदन त्या शेवटाच्या प्रकाशात घडते. रहस्यकथेत शेवट झाकून ठेवावा लागतो. साक्षीत श्रोत्याचा विश्वास अपेक्षित असतो. रहस्यकथेत वाचकाचा संशय ही पूर्वअट असते. शिवाय मालिकेचे म्हणून काही संकेत असतात. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तोच राहतो. पुढील पुस्तकासाठी त्याने तसे राहणे भागच असते. नारायण धारपांच्या 'समर्थ' मालिकेत नायकाचे आध्यात्मिक सामर्थ्य दुष्ट शक्तींच्या निवारणासाठी वारंवार उपयोगात येते आणि वाचकाला त्याची खात्री असते. परंतु संजीवनाच्या अनुभवात माणूस पूर्वीचा राहत नाही. तो बदलतो, हाच त्या अनुभवाचा आशय असतो.

याहून गंभीर अडचण कृपादानाच्या स्वरूपातून निर्माण होते. थरारकथेला असामान्य व्यक्ती हवी असते. तिच्यापाशी असलेली शक्ती हे तिचे गुप्त शस्त्र असते आणि संकटाच्या क्षणी ते बाहेर काढले जाते. कृपादान असे शस्त्र म्हणून वापरले गेले की, ते सिद्धीच्या पातळीवर उतरते. मुक्तिसदनात तर हा अनुभव एका व्यक्तीपुरता उरलाच नाही. तो दुष्काळातून वाचलेल्या, बहुधा निरक्षर आणि अनाम अशा शेकडो मुलींमध्ये पसरला. त्यांतील एकीला नायिका करून इतरांना पार्श्वभूमीला ढकलणे म्हणजे घटनेचा अर्थच उलटा करणे होय.

४. जुन्नर-आंबेगावचा वाचक

हे कथानक मराठी वाचक कोणत्या पूर्वसंस्कारांनी वाचील, हाही प्रश्न विचारात घ्यावा लागतो. केडगाव पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात आहे. त्याच जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिमेकडील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अद्भुताकडे पाहण्याच्या दोन देशी पद्धती आढळतात.

पहिली संतचरित्राची. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले असे सांगितले जाते, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे दाखविली जाते. या कथेचा सामाजिक आशय उघड आहे. वाणीचा अधिकार ज्यांनी आपल्याकडे राखून ठेवला होता, त्यांच्यासमोर ती वाणी मुक्या पशूच्या तोंडून उमटते. चमत्कार येथे वादातील प्रमाण म्हणून येतो आणि तो अधिकारव्यवस्थेला प्रश्न विचारतो. दुष्काळातून आलेल्या मुलीच्या तोंडी राज्यकर्त्यांची भाषा यावी, या केडगावच्या वृत्तान्ताचे या कथेशी असलेले नाते मराठी वाचकाला सहज जाणवण्यासारखे आहे. भेद एवढाच की, रेडा बोलल्यावर वाद मिटतो. केडगावात मुली बोलल्यावर वाद सुरू होतो.

दुसरी पद्धत लोकधर्माची. आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीच्या कड्यावर वसलेले आहुपे हे महादेव कोळ्यांचे गाव. देवाच्या नावाने राखलेली देवराई ही त्याची ओळख आहे. डोंगराळ मुलखातील अशा गावांच्या लोकधर्मात देव अंगात येणे, वारे येणे, कौल लावणे, भगताला विचारणे हे शब्द नित्याचे आहेत. बाहेरच्या निरीक्षकाला त्यात केवळ भाबडेपणा दिसतो. प्रत्यक्षात अंगात आलेल्या देवालाही प्रश्न विचारले जातात. कोण आलास, कशासाठी आलास, तुझे मागणे काय, असे विचारल्यावाचून गाव त्याचे म्हणणे पुरतेपणी मानीत नाही. म्हणजे येथेही संचाराबरोबर पारख असते आणि ती सामुदायिक असते. लोकधर्मातील संचार आणि ख्रिस्ती कृपादान ही एकच आहेत, असा याचा अर्थ नाही. दोहोंचे ईश्वरविषयक अधिष्ठान सर्वस्वी भिन्न आहे. परंतु आहुप्यासारख्या गावातून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला केडगावचा वृत्तान्त परका वाटणार नाही. तो पहिला प्रश्न हाच विचारील की, तेथे पारख कोणी केली?

५. पारख हेच रहस्य

या प्रश्नातच मराठी ऐतिहासिक थरारमालिकेची शक्यता दडलेली आहे. केडगावच्या घटनेचे रहस्य शक्ती कोणाकडे आहे, यात नाही. जे घडले ते काय होते आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, यात ते आहे. अशा सामुदायिक आवेगाकडे तत्कालीन मिशनरी वर्तुळांतही साशंकतेने पाहिले गेले. रमाबाईंनी आपल्या मुलींची बाजू घेतली. परंतु परभाषाभाषण हेच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एकमेव व अनिवार्य चिन्ह होय, हा आग्रह त्यांनी मान्य केला नाही. उत्कट अनुभवाच्या मध्यभागी उभे राहून पारखीचा विवेक न सोडणारी ही व्यक्तिरेखा, रहस्यकथेतील कोणत्याही शोधकापेक्षा कमी गुंतागुंतीची नाही.

मालिकेसाठी लागणारा कालपटही येथे आयताच मिळतो. दुष्काळ, प्लेगच्या साथीतील पुण्याच्या व्यवस्थेविरुद्ध १८९७ मध्ये रमाबाईंनी जाहीरपणे उठविलेला आवाज, मुक्तिसदनाची उभारणी, १९०५ चे संजीवन, आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले, मुक्तिसदनाच्या छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापले गेलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्णत्वाने प्रसिद्ध झालेले मराठी बायबल. या पटावर एकच नायक सर्व भागांत कायम ठेवण्याची गरज नाही. वास्तू आणि समुदाय कायम राहतात, माणसे बदलतात. त्यामुळे मालिकेचा संकेत आणि संजीवनाचा आशय यांतील विरोधही सुटू शकतो.

तथापि येथे एक नैतिक जबाबदारी उभी राहते. या घटनेचे बरेचसे समकालीन वृत्तान्त इंग्रजीत आणि प्रामुख्याने परदेशी वाचकांसाठी लिहिले गेले. त्यांत रमाबाई, एब्रम्स, नॉर्टन यांची नावे ठळक आहेत. अनुभव ज्यांना आला त्या मुली बहुधा 'एक मुलगी', 'दुसरी मुलगी' अशाच येतात. त्यांनी हे सारे स्वतःला कोणत्या मराठी शब्दांत सांगितले असेल, हे कादंबरीकाराला कल्पनेनेच घडवावे लागेल. त्यांना भाषा देताना ती त्यांची राहील, धर्मप्रचारकाची किंवा धर्मप्रचाराच्या टीकाकाराची होणार नाही, हे भान सुटले तर कादंबरी पुन्हा एकदा त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांचीच होईल.

या दृष्टीने २९ जूनच्या पहाटेचा प्रसंग पुन्हा पाहण्याजोगा आहे. अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे अग्नी उतरलेल्या मुलीकडे जाते. कथात्म दृष्टीने मात्र मध्यवर्ती पात्र बादली आणणारी मुलगी हे आहे. तिने अग्नी पाहिला, त्यावर विश्वास ठेवला आणि म्हणूनच ती पाणी आणावयास धावली; अगदी जवळ गेल्यावर तिने पारख केली आणि हात थांबविला. मैत्रिणीविषयीची माया, संशय आणि साक्ष या तिन्ही गोष्टी तिच्या एका कृतीत एकवटल्या आहेत. साक्षीच्या वाङ्मयाने अग्नीची नोंद केली. या मुलीची गोष्ट सांगण्याचे काम कादंबरीकडे राहते.