सर्व्हो, स्वयंचलित प्रेषणातील

मोटारगाडीच्या स्वयंचलित प्रेषणातील पट्टा-गतिरोधक आवळणाऱ्या द्रवीय यंत्रणेस सर्व्हो म्हणतात. सिलिंडर, दट्ट्या, दांडी, परत-स्प्रिंग, गळरोधक कडी व झाकण हे तिचे प्रमुख भाग होत. दाबयुक्त तेल सिलिंडरात आले की, दट्ट्या पुढे सरकतो व त्याची दांडी पिंपाभोवतीचा पोलादी पट्टा आवळते. पिंप थांबल्याने ग्रहीय दंतचक्रमालेतील एक घटक स्थिर होऊन अपेक्षित गतिगुणोत्तर मिळते. दाब ओसरताच स्प्रिंगमुळे पट्टा सैल होतो. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक प्रेषणात (१९३९) असे पट्टे वापरलेले होते.

घाटातील महत्त्व : मावळ तालुक्यातील लोणावळे समुद्रसपाटीपासून सु. ६२० मी. उंचीवर आहे. तेथून बोरघाटाने खोपोलीस उतरताना रस्ता ५०० मी.हून अधिक खाली जातो. १८३० मध्ये खुला झालेला जुना घाटरस्ता असो वा २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग असो, अशा उतारावर खालच्या गतीत एंजिनाचा रोध मिळणे आवश्यक असते. अनेक त्रिगती प्रेषणांत निवडदांडा ‘२’ या खुणेवर असताना हे काम पट्ट्यामुळे होते. सर्व्होतून तेल गळल्यास पट्टा घसरतो, सर्व भार चाकांच्या गतिरोधकांवर पडतो आणि ते तापून त्यांची परिणामकारकता घटते.

पुनर्बसवणी : झाकणामागील स्प्रिंग दाबलेली असल्याने झाकण दाबसाधनाने धरूनच अडकण-कडी काढतात, अन्यथा ते उसळून इजा होते. सुटे भाग काढलेल्या क्रमाने मांडतात. सिलिंडराचा आतील पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर ओरखडे आहेत का, हे पाहतात. गळरोधक कड्या नव्या घालतात. ओठ असलेल्या कडीचा ओठ दाबाच्या बाजूस ठेवतात व तीस प्रेषण-तेल लावतात. दांडीचे टोक पट्ट्याच्या खाचेत बसल्याची खात्री केल्यावर झाकण सरळ दाबतात व अडकण-कडी खोबणीत सर्व बाजूंनी बसवितात. समायोजन-स्क्रू असल्यास तो निर्मात्याने दिलेल्या परिबलाने आवळून ठरावीक फेरे मागे घेतात. स्क्रू नसल्यास योग्य लांबीची दांडी निवडतात. पट्टा सैल राहिल्यास गती बदलताना एंजिन एकदम वेगाने फिरते. फार घट्ट झाल्यास तो सतत घासून जळतो. शेवटी तेलाची पातळी व दाब तपासतात. पहिली चाचणी घाटात न घेता वडगाव–तळेगाव भागासारख्या सपाट रस्त्यावर घेणे इष्ट ठरते.

अलीकडच्या बहुतेक स्वयंचलित प्रेषणांत पट्ट्याऐवजी बहुचकती क्लच वापरतात. भारतात २०१४ पासून प्रसार पावलेल्या स्वयंचलित हस्तप्रेषणात ग्रहीय दंतचक्रमाला व पट्टा नसल्याने अशा सर्व्होची गरज भासत नाही.