धावत्या गाडीतली पाटी

वाचकहो, मराठीच्या मास्तराने यंत्रांविषयी बोलावे, हा आगाऊपणाच! पण २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली, तेव्हापासून धावत्या गाडीतली नोंद मला विचारात पाडते.

लॅपटॉप मांडी मागतो. रुग्णाशेजारी मांडी मोकळी असते कोणाची? टॅब्लेट एका हातात मावतो. तो ‘आयपी६७’ असावा. म्हणजे धूळ शिरत नाही नि मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी तगतो. हातमोज्यातले बोट पडद्याला कळते का, उन्हात अक्षर दिसते का, हेही पाहावे.

आणि रेंज गेली तरी नोंद टिकावी. दिलेल्या औषधाची वेळ इस्पितळाला कळली नाही, तर तेच औषध पुन्हा टोचले जायचे! शुद्धलेखनाची चूक खपेल; गाळलेली ही ओळ खपणार नाही.