कोरफडीस पाणी बेताने द्यावे

अवर्षणाच्या भागांत परसबागेतील बरीच झाडे उन्हाळ्यात वाळतात. कोरफड मात्र तग धरते. तिच्या मांसल पानांत पाण्याचा साठा असतो. शिवाय तिची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडत असल्याने दिवसाच्या उन्हात पाणी फारसे उडून जात नाही.

अशी ही वनस्पती पाण्याच्या टंचाईपेक्षा साचलेल्या पाण्यानेच अधिक मरते. हलकी, मुरमाड जमीन तिला मानवते. भारी काळ्या जमिनीत मुळे कुजतात; तेथे वाळू व बारीक मुरूम मिसळून उंच गादीवाफा करावा.

पावसाळ्याच्या आरंभी झाडाच्या बुडाशी आलेले मुनवे मुळांसह अलग करावेत. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून कापलेला भाग सुकू द्यावा व सुमारे ६० सेंटीमीटर अंतरावर लावावेत. माती पुरती सुकल्याखेरीज पुन्हा पाणी देऊ नये. पाने पिवळी पडून बुडाशी मऊ झाल्यास पाणी तोडावे. पातळ व सुरकुतलेली दिसल्यास द्यावे.

सुमारे एक वर्षानंतर बाहेरची जुनी पाने कापावीत. मधला गाभा राखावा. कापलेल्या पानातून ओघळणारा पिवळा, कडू चीक तीव्र रेचक असतो. तो पूर्ण निथळू द्यावा, पोटात जाऊ देऊ नये.

ग्रामसेवकांनी गावात एक वाफा तयार करून त्यातील मुनवे घरोघर द्यावेत.