पासिंग कागदाचे की रस्त्याचे?

पावसाळ्यात तानसा भरून वाहू लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत ठळक बातमी येते. १८९२ साली पुऱ्या झालेल्या या धरणाचे पाणी मुंबई आजही पिते, त्यामुळे आनंद साहजिकच आहे. पण त्याच दिवसांत शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा चिखलात रुततात, ओढे फरशीवरून वाहू लागतात, आणि एसटी डांबरी सडकेवरच थांबते. तिथून पुढे भाताची पोती, आजारी म्हातारा, बाळंतपणाला निघालेली लेक यांना नेते ती जीप. खर्डी असो, डोळखांब असो की टोकावडे. इथे चार चाकांची कुठलीही दणकट गाडी म्हणजे ‘जीप’च.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. शहापूर तालुक्यावरून आता गाड्या वाऱ्यासारख्या जातात. पण महामार्गावरून उतरून पाड्यापर्यंतचे शेवटचे काही मैल तसेच राहिले, आणि त्या मैलांचा भार अजूनही पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांच्या जीपवरच आहे. म्हणून अशी जीप आरटीओच्या तपासणीत नापास झाली की प्रश्न एकट्या मालकाचा राहत नाही.

या गाडीचे आणि या मुलखाचे नाते जवळचे आहे. महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा डिझेल इंजिने आली. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्राने २,११२ सी.सी.ची डिझेल इंजिने बनू लागली, ती कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरीच्या कारखान्यात. त्यामुळे या पट्ट्यातल्या मिस्त्रींचा हात या इंजिनावर बसलेला आहे. जीपमध्ये संगणक नाही, झाकलेले काही नाही. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, पान्याला सापडतो. शहापुरात न मिळालेला भाग कुर्ल्याच्या नाहीतर चोरबाजाराच्या जुन्या सामानात मिळून जातो.

आता कायदा. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असा एक समज गावोगाव पसरला आहे. तो खरा नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द झाली, दिल्ली परिसराचे नियम वेगळे आहेत. त्यांची सरमिसळ होऊन हा समज झाला असावा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीत गाडी योग्य ठरली तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. भाड्याने माणसे वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपला मात्र योग्यता प्रमाणपत्र लागते, आणि जुन्या गाडीला ते दरवर्षी घ्यावे लागते. ते नसेल तर कायद्याच्या नजरेत गाडीची नोंदणीच वैध नसते. मग अपघात झाला की विम्याच्या भरपाईचा वाद उभा राहतो, आणि तो भोगतात घरची माणसे.

याच कायद्याच्या ५६व्या कलमात एक मोलाची तरतूद आहे. प्रमाणपत्र नाकारले तर नाकारण्याची कारणे मालकाला लेखी द्यावी लागतात. पुष्कळ मालक तो कागद मागतच नाहीत. ‘साहेबांनी पाडली’ म्हणून परत फिरतात. खरे तर तो कागद डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा आहे. तो घेऊनच गॅरेजची पायरी चढावी.

काम सुरू करायचे ते ब्रेकपासून. रंग आणि दिवे मागाहून. पुष्कळ जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर आणि ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असतो. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी! ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकातला सिलिंडर गळतो आहे किंवा लायनर तेलकट झाला आहे, असे समजावे. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन चालत नाही. ड्रम तापला की मुरलेले तेल पुन्हा वर येते. लायनर बदलायचे ते दोन्ही बाजूंचे एकदम, आणि ज्या सीलमधून तेल आले ते सीलही त्याच वेळी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. लांब उतारावर ते तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचे पेडल थेट जमिनीला टेकते. माळशेज उतरताना हे घडले तर काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते!

जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो मधल्या गिअरपेटीच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर बसतो. पेटीचे सील गळू लागले की तेल नेमके तिथेच उतरते. म्हणून ‘हातब्रेक धरत नाही’ या शेऱ्यावर औषध नुसती केबल ओढणे हे नव्हे, तर सील बदलणे हे आहे.

स्टेअरिंगचा ‘प्ले’ हा दुसरा नेहमीचा शेरा. घाईत पेटीचा स्क्रू आवळून तो तेवढ्यापुरता लपवता येतो. पण मग वळण घेतल्यावर चाक आपणहून सरळ होत नाही. खरा दोष बहुधा झिजलेल्या किंगपिनमध्ये नाहीतर टायरॉडच्या टोकांत असतो. पाट्यांचे बुश आणि शॅकल यांचीही तीच गत.

धुराचे गणित वेगळे. जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिटची आहे. काळा धूर येत असेल तर आधी एअर क्लीनर साफ करावा, त्यातले तेल बदलावे, मग पंप आणि नोझल तपासून घ्यावेत. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. तिथे मोठ्या खर्चाची तयारी हवी.

आणि नंबर! चासीवरचा नंबर गंजाने खाल्ला तर पेन्सिलने त्याची छाप नीट उठत नाही. मधल्या काळात पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले आणि ५२व्या कलमाप्रमाणे परवानगी घेऊन पुस्तकात नोंद केली नाही, तर उत्तम चालणारी गाडीही अडकते. हे काम पान्याने होत नाही, अर्जाने होते.

एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. नियमांतल्या तपासणीच्या यादीत दिवे, रिफ्लेक्टर, आरसा, काच, भोंगा, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टेअरिंग हे सारे आहे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या दांड्याचा उल्लेख नाही. तो दांडा वर्षानुवर्षे न वापरल्याने अडकून बसलेला असला, किंवा डिझेल वाचवायला कुणी पुढचा शाफ्टच काढून ठेवलेला असला, तरी गाडी पास होऊ शकते. पण आषाढात ओढ्याकाठच्या चिखलात तोच दांडा हवा असतो. गाडी खोललेलीच आहे तर तोही मोकळा करून घ्यावा. चारही टायर एका मापाचे ठेवावेत आणि कोरड्या डांबरावर तो दांडा लावू नये, म्हणजे गिअरपेटीवर नसता ताण येत नाही. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी गेलेले असते. दोन-चारदा ब्रेक हलकेच दाबून ते वाळवावे, ही जुन्या ड्रायव्हरांची सवयही विसरू नये.

थोडक्यात, कागदाची परीक्षा आणि रस्त्याची परीक्षा या दोन वेगळ्या आहेत. गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारे वाक्य असते, ‘‘मिस्त्री, पासिंगपुरतं करून द्या.’’ मग चांगले टायर एका दिवसापुरते उसने येतात, धूर झाकायला इंजिनात जाड तेल पडते, दिवे मित्राच्या गाडीचे लागतात. संध्याकाळी ज्याचे त्याला परत! कागद हातात येतो, गाडी मात्र होती तशीच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली बजावले, की ज्या आरटीओकडे ब्रेक तपासायला अडीचशे मीटरचा मार्ग नाही, त्याने योग्यता प्रमाणपत्र देऊ नये. नुसते गाडीकडे पाहून शिक्का मारण्याला त्यामुळे आळा बसला. आता तर रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजणारी स्वयंचलित केंद्रे आली आहेत. यंत्राला उसनवारी कळत नसेल, पण न धरणारा ब्रेक कळतो.

याचा अर्थ प्रत्येक जीप वाचवावीच असा नाही. चासीला तडा गेला असेल, पाट्यांच्या आधाराचे लोखंड हाताने भुगा होत असेल, तर वेल्डिंगवर वेल्डिंग चढवणे म्हणजे संकटाला वर्षाची मुदत देणे. अशा गाडीला २०२१ च्या धोरणानुसार मान्यताप्राप्त भंगार केंद्राची वाट दाखवावी. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलतही मिळते. मिस्त्री प्रामाणिक असेल तर तो हे पहिल्याच दिवशी सांगतो, आणि मालक शहाणा असेल तर ऐकतो.

पण चासी शाबूत असलेली गाडी नापास झाली म्हणून खचून जाऊ नये. लेखी शेरा घ्यावा, ब्रेक आणि स्टेअरिंगवर आधी पैसे घालावेत, रंगरंगोटीचे पुढच्या भातानंतर पाहावे. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. तो पावसाच्या तोंडावर न ढकलता वेळेत करावा. आणि खर्चाचा कागद हातात पडला की एकदा आठवावे, मागच्या बाकावर कोण बसते ते. म्हशाच्या जत्रेला निघालेली पोरे, बाजारहाट करून परतणाऱ्या बाया, दवाखान्यात न्यायचा म्हातारा. यातल्या कुणीही कधी आपल्याला पासिंगचा कागद दाखवा म्हणत नाही. ते गाडीत बसतात ते भरवशावर.