सॅक मुलानेच भरावी

शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परतायचं, एवढंच स्काऊट शिबिर असलं तरी शुक्रवारी रात्री घरात लगीनघाई उडते. आई कपड्यांचे चार जोड काढते, बाबा नवी टॉर्च आणतात, आजी चिवड्या-लाडवांचा डबा भरते आणि ज्याला जायचं आहे तो बारा वर्षांचा मुलगा बाजूला नुसता उभा असतो. हे सगळं मायेपोटीच होतं. तरीही शिबिरातलं पहिलं शिक्षण तिथेच हुकतं, असं मला ठामपणे वाटतं. सॅक मुलाने भरावी, आणि काय न्यायचं ते त्याने आपल्या संघातल्या मुलांबरोबर बसून ठरवावं.

आधी वजनाचा हिशेब पाहू. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं, असं महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ठरवून दिलं. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही हीच मर्यादा आहे. मुलगा ३६ किलोचा असेल तर ती होते ३ किलो ६०० ग्रॅम. शिबिराची सॅक रोज वाहायची नसते, म्हणून पाच किलोपर्यंत सूट देऊ. त्यात दोन लिटर पाण्याचे दोन किलो गेले. उरलेल्या तीन किलोंत अंथरूण-पांघरूण, कपडे, ताट-वाटी, टॉर्च आणि खाऊ बसवायचा. चार जोड कपडे आणि लाडवांचा डबा इथेच गळून पडतात. आठ मुलांच्या आठ सॅकमध्ये आठ टूथपेस्ट, आठ साबण आणि आठ तेलाच्या बाटल्या कशाला हव्यात, हा प्रश्नही इथेच पडतो. तो घरातल्या कोणाला सुटणार नाही, कारण बाकीच्या सात घरांत काय भरलं जातंय हे त्यांना ठाऊक नसतं. त्यासाठी मुलांनीच एकत्र बसायला हवं.

स्काऊटिंगची घडणच तशी आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं, तेव्हा श्रीमंत शाळांतली आणि कामकरी घरांतली जेमतेम वीसेक मुलं त्यांनी एकत्र आणली आणि त्यांचे चार संघ केले. आपल्याकडे १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्येही सहा ते आठ मुलांचा संघ आणि त्याचा संघनायक हीच कामाची जागा आहे. संघाने यादी केली की एकाकडे पातेलं नि सांडशी, दुसऱ्याकडे तवा नि कालथा, तिसऱ्याकडे दोरी आणि ताडपत्री, चौथ्याकडे प्रथमोपचार पेटी अशी वाटणी होते. खिचडीला माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम डाळ-तांदूळ धरले तर आठ जणांचा शिधा किलोभर. तोही दोघांत विभागता येतो. ज्याच्या घरी घेण्यासारखं फारसं नाही, त्यालाही या वाटणीत मानाची जागा मिळते, आणि मला हे वजनाच्या हिशेबाहून मोलाचं वाटतं.

यादी जागा आणि ऋतू पाहून करायची. आंबीचं उदाहरण घ्या. तळेगाव दाभाड्याजवळचं, इंद्रायणीकाठचं हे मावळातलं गाव. लोणावळा इथून फार लांब नाही, पण पावसाच्या बाबतीत दोन्ही ठिकाणी मोठा फरक. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रेल्वेने ६४ किलोमीटरवर असलेल्या पुण्यात त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आगेमागे. ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे पाऊस झपाट्याने ओसरतो. तरीही जुलैच्या मुक्कामाला, विशेषतः बेत लोहगडाकडे जायचा असेल तर, कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारूनच ठेवावा. डिसेंबरात रेनकोट घरी राहू दे. तेव्हा पहाटेची थंडी जमिनीतून वर येते, म्हणून पांघरुणाइतकीच अंथरुणाची काळजी हवी. जीन्स कोणत्याच ऋतूत नको. जाड सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि रात्रीतून वाळत नाही. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब टिकवते. गुराखी पावसात घोंगडीची खोळ घेत आले ते उगाच नाही. महागडी स्लीपिंग बॅग नसली म्हणून कोणाचं अडायला नको.

मूल काहीतरी विसरेल, हा पालकांचा पहिला आक्षेप. विसरेलच. पण टॉवेल विसरलेल्या मुलाची एक सकाळ गैरसोयीची जाते आणि पुढच्या वेळी टॉवेल आधी भरला जातो. उलट आईने नीट भरलेल्या सॅकमध्ये टॉर्च कुठे आहे हे त्याला माहीतच नसतं. मध्यरात्री तंबूत जाग आली, तर ती अंधारात हाताने चाचपून सापडली पाहिजे, आणि ती सापडते ज्याने ठेवली त्यालाच. जिथे चूक परवडणार नाही तिथे मोठ्यांनी जरूर पाहावं: दम्याचा पंप, रोजची औषधं, पाणी, ऋतूप्रमाणे रेनकोट किंवा स्वेटर. एवढं तपासून बाकीच्याला हात लावू नये.

दुसरा आक्षेप भीतीचा, आणि तो खोटा नाही. १५ जून २०२५ रोजी याच मावळात, कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार माणसं गेली. पण अशा धोक्यावर सॅकमधल्या कोणत्याही वस्तूचा उतारा नाही. पावसाळ्यात नदीत उतरायचं नाही, जुन्या साकवावर गर्दी करायची नाही, हे स्काऊटमास्तरने ठरवायचं आणि पालकांनी निघण्याआधी त्यांना स्पष्ट विचारायचं. जादा स्वेटर भरून ही विचारपूस टळत नाही.

तेव्हा पालकांना विनंती एवढीच: येत्या शिबिराच्या दोन दिवस आधी संघातल्या मुलांना कोणाच्या तरी घरी तासभर जमू द्या, यादी त्यांच्या हातची असू द्या, आणि सॅक भरून झाली की मुलालाच ती वजनकाट्यावर ठेवायला सांगा. काटा पाच किलोच्या पुढे गेला, तर काय काढायचं हेही त्यालाच ठरवू द्या.