फळ्यापासून दरवाज्यापर्यंत

१९८४ साली मारुतीची व्हॅन आली आणि मध्यमवर्गीय घराला आजी-आजोबांसकट सगळ्यांना एकाच गाडीत बसवून गावी नेता यायला लागलं. गाणं मात्र त्या गाडीत नसायचं, ते बाहेरून बसवून घ्यावं लागे. मुंबईकर लॅमिंग्टन रोड गाठत, पुणेकर नाना पेठ. आधी कॅसेटचा टेप ठरे आणि उरलेल्या पैशांत स्पीकर येत. मागचे दरवाजे सरकते, त्यामुळे शेवटच्या सीटमागे प्लायवूडचा फळा ठोकून त्यावर सहा बाय नऊ इंची लंबगोल स्पीकर बसवायची पद्धत पडली. इंजिन पुढच्या सीटखाली आणि गाणं पार मागे. पुढच्यांना नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की मागच्यांचे कान किटत.

तेव्हापासून टेप कसकसा बदलत गेला ते सगळ्यांना आठवतं. कॅसेट गेली, सीडी आली, मग पेनड्राइव्ह, ब्लूटूथ आणि आता मोठा स्क्रीन. स्पीकरची गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. कुटुंबाच्या गाडीत खरा फरक तिथेच पडतो, असं माझं ठाम मत आहे.

क्वालिस २००० मध्ये आली, इनोव्हा २००५ मध्ये आणि अर्टिगा २०१२ मध्ये. या गाड्यांच्या काळात स्पीकर फळ्यावरून उतरून दरवाज्यात गेले, आणि ‘कंपनी फिटेड’ म्हटलं की प्रश्न मिटला असं आपण धरून चाललो. बहुतेक गाड्यांतले हे मूळ स्पीकर साधे असतात: कागदाचा हलका पडदा, लहानसं मॅग्नेट आणि प्लॅस्टिकची चौकट. ते वाईट नसतात. हलका पडदा थोड्या ताकदीतही मोठा वाजतो, हा त्यांचा गुणच आहे. पण कागद आणि आपला पावसाळा यांचं फार दिवस जमत नाही. काचेच्या कडेच्या रबरातून पाणी दरवाज्याच्या आत झिरपतंच, ते खालच्या भोकांतून निघून जावं अशी रचनाच असते. स्पीकर त्या वाटेत बसलेला असतो.

आमच्या सात आसनी गाडीचे स्पीकर काही पावसाळे काढून खरखरायला लागले. मधल्या रांगेत बसणाऱ्या आईला प्रवासात कीर्तन लागतं. ती म्हणायची, “आवाज येतोय रे, पण बुवा काय म्हणतायत ते कळत नाही.” इतकं नेमकं निदान मला कुठल्या दुकानातही मिळालं नव्हतं. शब्द कळतात ते मुख्यतः वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांमुळे, स, त, क या व्यंजनांमुळे. हे आवाज सरळ रेषेत जातात आणि दरवाज्यातला स्पीकर असतो पोटरीपाशी. पाय, पिशव्या आणि सीटची गादी ते वाटेतच खाऊन टाकतात. म्हणून पुढच्या बाजूला ट्विटर, म्हणजे बारीक आवाजांचे छोटे स्पीकर, वर आरशाजवळच्या तिकोन्यात नेले आणि मधल्या दरवाज्यांत असे स्पीकर घेतले, ज्यांचा छोटा ट्विटर मधोमधच बसवलेला असतो.

फिटरने दरवाज्याचं पॅड काढलं तेव्हा आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं दिसली, त्यांच्यावर नुसता प्लॅस्टिकचा कागद डकवलेला. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढत असतो. मागचा आवाज या भोकांतून पुढे येऊन पुढच्याला भेटला की दोघे एकमेकांना मारतात आणि तबल्यातला डग्गा नाहीसा होतो. फिटरने भोकांवर जाड ॲल्युमिनियम लावलेलं चिकट रबरी आवरण लावलं आणि रोलरने दाबून बसवलं. दरवाज्यावर टिचकी मारली तर डब्यासारखा आवाज यायचा, तिथे आता भरीव ठक्क आला. तळाची पाणी जायची भोकं मात्र त्याने बोट घालून मोकळी ठेवली. स्पीकरखाली लाकडी रिंग नको, प्लॅस्टिकची घ्या, असंही तोच म्हणाला. कोकणात गाडी गेली की लाकडी रिंग फुगते.

मूळ वायर कापायची नाही, गाडीच्या जोडणीत बसणारा कपलर वापरायचा, म्हणजे वॉरंटीवरून वाद होत नाही. मग दीड व्होल्टच्या सेलने तपासणी. सेलची धन बाजू धन टोकाला टेकवली की चारही पडदे बाहेरच सरकायला हवेत. एक जरी उलटा लागला तरी बेस पातळ होतो आणि माणूस नव्या स्पीकरला दोष देत बसतो.

वॅटच्या आकड्यांनी या सगळ्या काळात ग्राहकाला फार फिरवलं. खोक्यावरचे शेकडो वॅट क्षणभराच्या झटक्याचे असतात. टेपमधून सलग मिळणारी ताकद बहुधा दर स्पीकरला वीस वॅटच्या आसपासच असते. पाहायची ती संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते. ८८ डेसिबलच्या स्पीकरला ९१ डेसिबलच्या स्पीकरइतकं वाजवायला दुप्पट ताकद लागते. महागडा, जड पडद्याचा स्पीकर ॲम्प्लिफायर न घेता लावला, तर गाणं आधीपेक्षा हळू वाजतं आणि घरचे विचारतात, पैसे कशाला घातले?

आता चित्र बदलतंय. २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या प्रकारात सोनीचे बारा स्पीकर कारखान्यातूनच आले. स्क्रीन गाडीच्या इतर यंत्रणांशी इतका जोडलेला असतो की तो बदलायला सहसा कुणी धजत नाही. बदलता येतात ते स्पीकर, आणि स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेणारा छोटा ॲम्प्लिफायर. पण बऱ्याच गाड्यांच्या खालच्या प्रकारांत अजून साधेच चार स्पीकर मिळतात आणि अनेक कुटुंबं तेच प्रकार घेतात. त्यांतल्या कितीतरी गाड्यांत तिसऱ्या रांगेला स्वतःचा स्पीकरच नसतो. आमच्याही नाही. मुलं तिथे बसली की मी फेडर, म्हणजे आवाज पुढे-मागे वाटायची सोय, दोन घरं मागे सरकवतो. आई मधून सांगते, “अजून एक घर चालेल, मला कळतंय सगळं.”